पाहुण्याचा नकाशा

आमच्या संस्थेत त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. हजेरीच्या यंत्रात नाव होतं, तेवढंच. बाकी सगळ्यांना त्या नकाशेबाई. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत एक मोठा पडदा होता आणि त्यावर कायम डोंगर दिसत. पायथ्याला हिरवे, मध्ये पिवळे, टोकाला लाल. नवा माणूस दारातून डोकावला की हमखास विचारायचा, "काय बाई, सहलीला कुठे निघालात?"

बाई मान न वळवता म्हणायच्या, "मी कुठे निघालेय? तो निघालाय. मी नुसती मागे मागे."

तो म्हणजे एचआयव्हीचा विषाणू.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. संस्थेत प्रशासन बघतो: खरेदी, नेमणुका, नियम, रजा, कुलपं-किल्ल्या. शास्त्रज्ञांना जे हवं असतं ते का हवं आहे, हे मला समजल्याशिवाय मी सही करत नाही. यावरून माझ्या खोलीला 'अडवणूक खातं' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बाईंना जास्त ताकदीचा संगणक हवा होता तेव्हा मी त्यांना खाली बोलावून घेतलं आणि म्हटलं, "मला अगदी पहिलीतल्या मुलासारखं समजावून सांगा."

त्या बसल्या. अंगावर नेहमीची राखाडी शाल. संगणकांची खोली फार थंड असते, त्यामुळे बारा महिने ही शाल त्यांच्या खांद्यावर असायची. बाहेर ऊन रणरणत असलं तरी.

"भाऊसाहेब, तुम्ही टायपिंग शिकलात ना?"

"शिकलो. परीक्षेत पहिला आलो होतो."

"येणारच. आता असा एक टायपिस्ट डोळ्यांपुढे आणा, जो दर पानाला एखादी चूक करतोच करतो. आणि तो दुसरं काहीच टाइप करत नाही, स्वतःचीच नक्कल काढतो. नकलेची नक्कल, तिची परत नक्कल."

"असल्या माणसाला मी कामावरून काढीन."

"तीच तर पंचाईत आहे. याला काढता येत नाही." त्या हसल्या. "त्याच्या बहुतेक चुकांनी पानाची वाट लागते. पण एखादी चूक अशी होते, की पान वाचता तर येतं आणि आपल्या शरीरातल्या पहारेकऱ्याला मात्र ते ओळखू येत नाही. लस काय करते? पहारेकऱ्याला चोराचा चेहरा दाखवून ठेवते. आणि हा चेहराच बदलून बसतो."

"मग ते डोंगर कसले?"

"ती त्याची तब्येत. शिखरावर असला तर ठणठणीत, दरीत पडला तर मेला. हजारो रुग्णांकडून आलेल्या विषाणूंची अक्षरं आम्ही संगणकाला देतो. कुठली अक्षरं सारखी बदलतात, कुठली कधीच बदलत नाहीत, कुठली दोन जोडीनंच बदलतात, हे बघून तो डोंगर-दऱ्या काढतो. आपण अशी जागा शोधायची, जिथून कुठल्याही बाजूला पाऊल टाकलं तरी खाली दरीच. मग लसीनं शरीराला शिकवायचं, बाबा रे, याला इथंच धर. इथून हलला तर आपोआप मरतो."

"आणि ते जोडीनं बदलणं?"

बाईंनी शाल घट्ट ओढून घेतली. "तेच वाईट. एकटा बदल त्याला दरीत ढकलतो. पण त्याच्या जोडीला दुसरीकडे नेमका त्याला सावरणारा बदल झाला, की दरीवर फळी टाकल्यासारखं होतं. चालत पलीकडे जातो. मला भीती असते ती या फळ्यांची."

मी सही केली. इतक्या सोप्या शब्दांत मला त्या इमारतीत आजवर कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

बाई राहायच्या मी राहतो त्याच इमारतीत, आमच्या बरोब्बर वर. त्या आणि त्यांचे थोरले भाऊ. आई-वडील लवकर गेले, तेव्हा या भावानं शिलाई मशिनं दुरुस्त करून बहिणीला शिकवलं. सगळी इमारत त्यांना दादाच म्हणे. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान. उघडी पडलेली मशिनं, कातड्याचे पट्टे, डब्यात सुटे शटल आणि बॉबिन, आणि सगळ्यावर मशिनच्या तेलाचा वास. दादा मशिनला कान लावत, डोळे मिटून चाक फिरवत आणि माझ्या बायकोला सांगत, "वहिनी, हिला काही झालेलं नाही. हिला नुसतं बोलायचंय." मग तेलाचे दोन थेंब सोडत.

त्यावर बायको माझ्याकडे बघून म्हणायची, "बघा. मशिनचं नशीब. माझं बोलणं ऐकायला कोणी असा कान लावत नाही."

दादांना तरुणपणापासून एचआयव्ही होता. कसा झाला ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि बहिणीनं कधी विचारलं नाही. इमारतीत हे फार थोड्यांना माहीत होतं. मला त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं, आम्ही तिथं राहायला आलो त्याच आठवड्यात. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "तुम्ही नियमाचे माणूस, म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे एक पाहुणा आहे. आला तो आलाच, जायचं नाव घेत नाही. आता चहा घ्यायचा तर घ्या, नाही घेतलात तरी राग नाही." मी चहा घेतला. साखर जरा जास्त होती, तेही सांगितलं. तेव्हापासून आमचं जमलं.

पाहुण्याला दाबून ठेवायला गोळ्या होत्या. जुन्या काळातल्या गोळ्यांनी दादांच्या बोटांची टोकं बधिर करून टाकली होती, ती तशीच राहिली. मशिनचा पुर्जा न् पुर्जा त्यांना अंधारात जोडता यायचा, पण सुईत दोरा ओवता यायचा नाही. बाई सकाळी कामावर निघण्याआधी दुकानात शिरत आणि दुरुस्त होऊन बसलेल्या प्रत्येक मशिनच्या सुईत दोरा ओवून ठेवत, म्हणजे दादांना दिवसभरात टाका घालून बघता येईल. पुढच्या गोळ्या बऱ्या होत्या, पण त्यांनी मळमळायचं आणि चित्रविचित्र स्वप्नं पडायची. आणि वेळ चुकवायची नाही, म्हणून दादांच्या फोनवर संध्याकाळी आठला एक भोंगा वाजायचा. तो इतका कर्कश, की जिन्यात ऐकू यायचा. माझी बायको त्यावर दूध तापायला ठेवत असे.

भोंगा वाजला की बाई पाणी देत. दादा गोळी गिळून तोंड वाकडं करत आणि विचारत, "काय चिमणे, पाहुणा काय म्हणतो?" मग बाई त्या दिवशीचा नकाशा सांगत. कुठली दरी खोल निघाली, कुठं फळी सापडली. दादांना त्यातलं किती समजायचं कोण जाणे, पण ते मशिन ऐकतात तसं डोळे मिटून ऐकत.

एकदा संस्थेच्या वार्षिक मुलाखतीत मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, बाईंना विचारलं होतं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "काय उत्तर देणार? मला बढती नको, परदेश नको. दादाचा भोंगा बंद झालेला बघायचाय. हे मुलाखतीत सांगता येतं का?"

पुढे लस तयार झाली. ती जिथं विषाणूला धरणार, त्या जागा बाईंच्या नकाशातून निवडलेल्या होत्या. ज्यांना लागण झालेली नाही त्यांना देण्याआधी एक परीक्षा घ्यायचं ठरलं, ती लागण झालेल्या स्वयंसेवकांवर. त्यांना लस द्यायची, मग देखरेखीखाली गोळ्या थांबवायच्या आणि शरीर आपलं आपण विषाणूला दाबून धरतं का ते पाहायचं. दर आठवड्याला रक्ताची तपासणी. विषाणूंची संख्या ठरलेल्या रेषेवर गेली आणि वरच राहिली, तर गोळ्या लगेच परत. जिवाला धोका होऊ नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. स्वयंसेवकांची नावं शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रुग्णालयापाशीच राहणार होती. आमच्याकडे येणार ते फक्त नंबर, आणि बाईंकडे नंबरापुढची अक्षरं. कुठला नंबर कोण, हे शोधायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही, असा नियम होता. तो मीच नीटनेटका टाइप करून सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

त्याच सुमाराला बायको म्हणाली, "हल्ली वरचा भोंगा वाजत नाही हो. दूध ठेवायचं लक्षातच राहत नाही."

मी दादांना विचारलं. ते म्हणाले, "गोळी बदलली. आता दुपारी घेतो, इथंच दुकानात. चिमणीलाही तेच सांगितलंय." आणि मग उगाचच हसले.

ते दिवस दादांचे होते. दुपारी शीळ ऐकू यायची. जिना चढताना मध्ये टेकत नसत. बाजूच्या गावातल्या एका शिवणकारखान्याची मशिनं अडली, तेव्हा ते तिथं जाऊन राहून आले. याआधी ते मुक्कामाला कुठे म्हणून जात नसत. परत आल्यावर मला म्हणाले, "भाऊसाहेब, खिसा इतका हलका लागत होता, की सारखं वाटायचं काहीतरी घरी विसरलोय." मी म्हटलं, हत्यारं विसरला असाल. त्या वाक्याचा अर्थ मला नंतर लागला.

परीक्षेच्या बैठकांना नियमांसाठी म्हणून मीही बसत असे. मोठे डॉक्टर उंच, मोकळ्या स्वभावाचे, हातात नेहमी खडू. त्यांना पडद्यापेक्षा फळा आवडायचा. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर सगळ्या नंबरांच्या रेषा काढल्या. बऱ्याच रेषा हळूहळू वर चढत होत्या. एक मात्र जमिनीला चिकटून आडवी चालली होती.

"आणि हा बघा आपला हिरो!" डॉक्टर म्हणाले. "गोळी बंद होऊन इतके दिवस झाले, नावापुरते थोडेसे विषाणू रक्तात, बस्स. बाई, तुमचा नकाशा याच्या अंगात चालतोय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई लाजल्या. त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

त्या हिरोच्या रक्तात विषाणू इतके थोडे होते की त्यांची अक्षरं वाचायला प्रयोगशाळेला बरीच खटपट करावी लागली. अक्षरं आली त्या दिवशी बाई माझ्या खोलीत आल्या, दार लावलं आणि उभ्याच राहिल्या. अंगावर शाल नव्हती.

"भाऊसाहेब, एक नियम विचारायचाय. कामावरच्या माणसानं स्वयंसेवक ओळखला, तर?"

"शोधायचा प्रयत्न केला म्हणून?"

"प्रयत्न नाही केला. समोर आला."

मी म्हटलं, "बसा आधी." आणि म्हणता म्हणता माझ्या डोक्यात भोंगा, दूध आणि गोळ्यांच्या डबीविना हलका झालेला खिसा एका ओळीत येऊन बसले. "दादा?"

त्यांनी मान हलवली. मग बसल्या आणि बोलायला लागल्या. दादांच्या विषाणूत एका जागी तीच अक्षरं लागोपाठ दोनदा येत, टाइप करताना ओळ दोनदा पडावी तशी. असं इतरांतही सापडतं, पण नेमक्या त्या जागी, नेमकं तेवढ्याच लांबीचं दुसरं त्यांनी पाहिलेलं नव्हतं. विद्यार्थी असताना दादांचं रक्त त्यांनी स्वतःच यंत्रात वाचलं होतं. ती खूण त्या विसरणं शक्य नव्हतं.

"म्हणजे हिरो आपल्या जिन्याखाली बसलाय," मी म्हटलं. "मग असं तोंड कशाला? त्यांचा आकडा तर सगळ्यात खाली आहे."

"आकडा खाली आहे. पण फळीचं पहिलं अक्षर बदललंय. दुसरं बदललं की तो पलीकडे."

"नकाशात ती फळी नव्हती?"

"नव्हती." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "नकाशा करताना सगळ्या रुग्णालयांचे जुने नमुने आले होते, त्यात दादाचाही आला. मी खुणेवरून ओळखला आणि बाजूला काढला. घरचं माणूस आपल्याच कामात कसं धरायचं, असं वाटलं. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मीही कोणाला बोलले नाही. आपण फार काटेकोर वागतोय असं वाटलं होतं, भाऊसाहेब. आज तो नमुना परत उघडला. त्या वेळच्या विषाणूंत ती जोडी बदललेली होती. पाहुणा त्या रस्त्यानं आधी एकदा गेलेला आहे. त्याला वाट माहीत आहे. नव्हती ती नकाशालाच."

मी नियम सांगितला. माझ्यापाशी तेवढंच होतं.

"ओळख पटली तर परीक्षेच्या देखरेख समितीला कळवायचं. मग ओळखणाऱ्याला त्या नंबराच्या कामातून बाजूला करतात."

"आणि स्वयंसेवकाला?"

"त्याचं चालू राहतं. रेषा ओलांडली नसेल तर."

"म्हणजे मी सांगितलं तर माझे डोळे बांधणार. तो आहे तिथंच."

मी नियमांची प्रत पुन्हा पहिल्यापासून वाचली. कुठेतरी एखादं पोटकलम निघेल असं वाटत होतं. ते मीच टाइप केलं होतं, तेव्हा निघणार नाही हेही ठाऊक होतं.

त्या म्हणाल्या, "डॉक्टरांकडे जाते. कोण ते नाही सांगणार, होणार काय ते सांगते. तुम्ही नुसते बरोबर चला. मला एकटीला रडू येईल."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. खडू खाली ठेवला. "बाई, तुमची खात्री आहे?"

"खात्री नाही. संगणकाचा अंदाज, मॉडेल आहे ते. पण बहुतेक."

"बहुतेक." ते खुर्चीत मागे रेलले. "हे बघा, मी तुमची चेष्टा करत नाही. पण त्या माणसानं सही केलीय ती आकड्याच्या रेषेवर. तुमच्या मॉडेलला काय वाटतं यावर मी त्याच्या तोंडात गोळी घालू शकत नाही. ज्याच्या ज्याच्याबद्दल आपल्याला भीती वाटली त्याला बाहेर काढत गेलो, तर मग आपण परीक्षा कशाची घेतली?"

"पण आत्ताच काही करता येणार नाही? दुसरी लस? त्या जागेला अजून एक जागा जोडून?"

"करता येईल. करूच. पुढच्या वेळी." मग त्यांनाच ते शब्द ऐकवेनात बहुधा. हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर असलं तर आकडा चढेल, आम्ही त्याच आठवड्यात पकडू, गोळ्या सुरू करू. त्याला धोका नाही."

"धोका नाही हो," बाई म्हणाल्या. "धोक्याचं म्हणतच नाही मी."

बाहेर व्हरांड्यात त्या माझ्यावर चिडल्या. "तुम्ही का नाही काही बोललात?"

"काय बोलू? त्यांचं चुकलं असतं तर बोललो असतो."

"तेच ना. कोणाचंच चुकत नाहीये!"

त्याच दिवशी त्यांनी समितीला कळवलं. त्यांचा स्वभावच तसा. त्या नंबराची अक्षरं यायची बंद झाली. पडद्यावरचे डोंगर तेच राहिले, फक्त त्यातली एक वाट त्यांना बघायची मनाई.

त्यानंतर लवकरच मी बायकोचं मशिन घेऊन जिन्याखाली गेलो. खालचा दोरा गोळा व्हायचा. सकाळची वेळ. बाई सुया ओवत होत्या, दादा एका जुन्या मशिनचं चाक फिरवत होते आणि शीळ घालत होते. मला बघून म्हणाले, "या या, अडवणूक खातं. मशिन तिथं ठेवा, आणि चिमणीला जरा हसवा. चार दिवस झाले, तोंड बघा कसं केलंय. पाहुणा काय म्हणतो विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय!"

बाई म्हणाल्या, "दादा, समज एखादं मशिन आहे. चांगलं चाललंय. पण तुला कळलं की ते बिघडणार. तू गिऱ्हाइकाला सांगशील?"

"दुरुस्त करता येण्यासारखं असलं तर सांगेन की."

"आणि नसलं तर?"

शीळ थांबली. चाक त्यांच्या हाताखाली आणखी एक फेरी फिरलं आणि थांबलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या मशिनच्या झाकणाकडे पाहिलं.

"मग शिवू दे ना बिचाऱ्याला," दादा म्हणाले. "आज सांगून काय त्याचं शिवण वाढणार आहे? उलट प्रत्येक टाक्याला थांबून बघत बसेल."

"पण तो मला नंतर विचारेल. तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"नाही विचारणार."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे." त्यांनी कापडाच्या चिंधीनं हात पुसले, एकेक बोट. "चिमणे, इतक्या वर्षांत संध्याकाळ अशी असते हे मी विसरलो होतो. आठ वाजतात, निघून जातात. कोणी काही वाजवत नाही. मला सध्या फार बरं चाललंय. तू विचारू नकोस आणि सांगूही नकोस. ओव तो दोरा, भाऊसाहेब खोळंबलेत."

बाईंनी दोरा ओला केला. तो सुईच्या नेढ्याजवळून दोनदा बाजूला गेला. दादांनी डोळे मिटून चाकाला कान लावला, म्हणजे आपण तिकडे बघतोय असं बहिणीला वाटायला नको. मी म्हटलं, घाई नाही, आणि वर निघून आलो.

मशिन दुरुस्त होऊन आलं. पुढे काही दिवस बाई कामावर येत, शाल पांघरून पडद्यासमोर बसत आणि दुसऱ्या नंबरांचं काम करत. बैठकीत डॉक्टर फळ्याजवळ गेले की त्या वही उघडून खाली बघत. हिरोच्या रेषेबद्दल कोणी बोलायला लागलं की चहा आणायला उठत. पण फळा मोठा होता आणि खोली लहान. एका बैठकीत त्या परत आल्या तेव्हा ती आडवी रेषा शेवटी जराशी उचललेली होती. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांना कप दिले. एकही सांडला नाही.

मग एका संध्याकाळी वरून भोंगा वाजला.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वाजला बाई एकदाचा! ठेवा हो दूध." आणि मग तिनं माझं तोंड पाहिलं. तिला मी काहीही सांगितलेलं नव्हतं, नियमच तसा होता. पण ती गॅस न पेटवताच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वाईट झालं का काही?" मी म्हटलं, "नवीन काही नाही." ते खरंच होतं.

दादा एकटेच नव्हते. इतर बऱ्याच नंबरांत विषाणू निसटला, कुणात त्याच फळीवरून, कुणात भलत्याच वाटेनं. परीक्षा आटोपली. लस काही काळ दाबून धरते, पुढे विषाणू सुटतो, असा निष्कर्ष निघाला. डॉक्टरांनी सगळ्यांचे आभार मानले आणि नव्या लसीचा प्रस्ताव लिहायला घेतला. त्यात माझ्याकडे नवे संगणक मागितले. मी सही केली, काही न विचारता. पहिल्यांदाच.

बाईंनी समितीला आणखी एक गोष्ट कळवली, ती बाजूला काढलेल्या नमुन्याची. समितीनं तो परत घ्यायला सांगितलं. बाईंनी तो इतर हजारोंमध्ये घातला आणि नकाशा पुन्हा पहिल्यापासून काढायला लावला. संगणक चालू असताना त्या कोणाशी बोलत नव्हत्या. झाल्यावर त्यांनीच मला फोन करून वर बोलावलं. खोलीतली थंडी नेहमीसारखी हाडात शिरली. पडद्यावर डोंगर होते.

"सांगा, काय बदललं?" त्यांनी विचारलं.

मी नीट बघितलं. मला काही दिसेना. तसं म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल म्हणून आणखी बघितलं.

"नाहीच काही दिसत," शेवटी म्हणालो.

त्यांनी एक कोपरा मोठा केला. एका दरीचा काठ होता, आधीच्या चित्रापेक्षा कणभर उतरता. "एवढंच. हजारोंमध्ये एक माणूस. संगणकाला तो दिसतच नाही. दादाला घेऊनही मी तीच जागा निवडली असती."

"मग हे चांगलंच की. तुमची चूक नव्हती."

"हो ना." त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "मला वाटलं होतं डोंगर कोसळेल. म्हणजे मग म्हणता आलं असतं, माझ्यामुळे झालं, आता दुरुस्त करते. तेही नाही. त्याला धरला काय आणि सोडला काय, तेच."

निघताना मी म्हटलं, "शाल नीट घ्या."

परवाच मी वर, दादांच्या घरी गेलो होतो. बायकोनं दादांकडे धार लावायला म्हणून एक जुनी कात्री दिली होती. दादांनी दुकानातलं एक मशिन घरी आणलं होतं, टाका सोडत होतं म्हणून. बाई दोरा ओवत होत्या. बोलता बोलता भोंगा वाजला. बाईंनी उठून पाणी दिलं. दादांनी गोळी गिळली, तोंड वाकडं केलं आणि पेला परत दिला. परीक्षा संपल्यापासून त्यांनी तो प्रश्न विचारणं सोडलं होतं, हे मला माहीत होतं. त्यामुळे आता मशिनकडे वळतील असं वाटलं.

"काय चिमणे," ते म्हणाले, "पाहुणा काय म्हणतो?"

बाईंनी पेला विसळून पालथा घातला. मी कात्रीकडे बघत बसलो.

"आहे," त्या म्हणाल्या.

"आहे ना?" दादा म्हणाले. त्यांनी मशिनवर कान टेकवला, डोळे मिटले आणि चाक हळूहळू फिरवायला लागले. मशिन दर काही टाक्यांनी एक टाका सोडत होतं. तो आवाज मलासुद्धा ऐकू येत होता.